राजोडीच्या पंचवीस गोणी

वसई,
सोमवार, ९ फेब्रुवारी २००४

प्रिय कॅथरिन,

नाताळात तुझं कार्ड आलं. त्यावर एवढंच होतं, 'जयू, जिवंत आहेस ना?' जिवंत आहे. दोन दात कमी झाले, जीभ मात्र शाबूत आहे, असं उत्तर मी तेव्हाच मनात जुळवलं होतं, पण पाठवलं नाही. फोन करता आला असता. नाशिक काही परदेशात नाही. पण फोनवर मी जिंकते हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. समोरच्याला श्वास घ्यायला फट मिळत नाही आणि शेवटी चूक त्याचीच ठरते. आज मला जिंकायचं नाही, म्हणून कागद घेतला आहे. सकाळपासून तीन फाडले. तिन्हींमध्ये मी लोकांनाच झोडपलं होतं. एकात पंचायतीला, एकात मागच्या इमारतीतल्या मंडळींना आणि एकात चक्क नथूला, जो बिचारा तीस वर्षं आमच्या वाडीत राबतो आहे. हा चौथा. यातही मी मधूनच कुणावर तरी घसरेन. घसरले तर तेवढं सोडून पुढे वाच.

तू इथे नव्हतीस, म्हणून पहिल्यापासून सांगते. मार्गारेटनं तुला तिची बाजू कळवली असेल, किंवा नसेलही. तक्रारी करणं तुझ्या बहिणीच्या स्वभावात नाही. ते खातं माझ्याकडे आहे.

मी निवृत्त होऊन वाडीत राहायला आले तेव्हा सगळ्यांना मोठी मौज वाटली होती. बत्तीस वर्षं फोर्टातल्या विमा कंपनीत बसून साहेबलोकांच्या इंग्रजीतल्या चुका काढणारी बाई आता केळी लावणार! चुलत भाऊ जितेंद्र तर भर लग्नाच्या पंगतीत म्हणाला, जयवंतीताईची केळी फायलीत पिकतात, वरून टाचणी लावून देते. पंगत हसली. मीही हसले, आणि तिथेच ठरवलं की तालुक्याच्या प्रदर्शनात पहिल्या नंबराचा राजेळीचा घड माझा असेल, आणि त्याखालच्या चिठ्ठीवरचं नाव जितेंद्रला वाकून वाचावं लागेल. बासष्टाव्या वर्षी असं काही ठरवणं शोभत नाही, पण ठरवलं खरं.

त्याच सुमारास निकोलसचा कारखाना बंद पडला, नोकरी गेली, आणि मार्गारेट नि तो, दोघा नवराबायकोंनी कोंबडीखताचा उद्योग काढला. तुझ्या-तिच्या सामाईक वाडीच्या कडेला, दोन्ही वाड्यांमधल्या तळ्यापासून, आपल्या बावखलापासून, साठ पावलांवर ती पत्र्याची शेड उभी राहिली. संमतीच्या कागदावर तुझीही सही होती, तेव्हा हे तुला माहीत आहे. मी काय बोलले ते माहीत नसेल. मी म्हटलं, ज्या मातीत माझ्या आईनं चपला घालून कधी पाय ठेवला नाही, तिच्या शेजारी आता कोंबड्यांची घाण येऊन पडणार का? मार्गारेट कमरेवर हात ठेवून हसली. म्हणाली, जयू, तुझी आई पानवेलींना सुक्या मासळीची कुटी घालायची, ती काय अत्तराची होती? मी वाद अर्धा टाकून घरी निघून आले. असं फार क्वचित होतं.

आणि खरं सांगते, त्यांचं काम फार नेटकं होतं. कामणकडच्या पोल्ट्रींमधून कोंबड्यांच्या विष्ठेचा टेम्पो यायचा त्या दिवशी दोन तास नाकाला पदर लावावा लागे, ते मी नाकारत नाही. दर रविवारी कोंबडी खाणारी मागच्या इमारतीतली माणसं त्या दिवशी खिडक्या धाडधाड लावून घेत. पण मग निकोलस त्या विष्ठेत भाताचं तूस आणि केळीची सुकी पानं मिसळून ढीग रचायचा आणि वर ताडपत्री घालायचा. ढीग आतून इतका तापायचा की हात घालवत नसे. त्या उष्णतेनंच त्यातली रोगराई मरते, असं तो मला शाळामास्तरासारखं समजावून सांगायचा. ठरल्या दिवशी ढीग उलटायचे, पुन्हा रचायचे, दोन महिन्यांनी वाळवून चाळायचे आणि बारीक गोळ्या करून गोणीत भरायच्या. तोवर वास पार गेलेला असे. मूठ नाकाशी नेली तर खणलेल्या ओल्या मातीसारखी लागे. मार्गारेट गिऱ्हाइकाला आधी वास घ्यायला लावायची, मग बोलायची. यात स्फुरद, म्हणजे तुझं ते फॉस्फरस, भरपूर आहे, म्हणायची, मुळांना आणि फुलाफळांना तेच लागतं. पण शेणखतासारखं घमेल्यानं ओतायचं नाही. मातीला भूक असेल तेवढंच घालायचं.

मला तिनं सांगितलं, तुझी तीनशे झाडं. झाडामागे एक किलो आत्ता, एक किलो पावसाळा सरल्यावर, आणि दोन्ही वेळा मातीआड करायचं. पंधरा गोणी पुरे. कॅथरिन, मला हे अपुरं वाटलं. माझ्याकडे एक इंग्रजी पुस्तिका होती. तीत केळीला नत्र किती लागतं ते दिलं होतं. मी कागद-पेन्सिल घेऊन नत्राचा हिशेब मांडला आणि चाळीस गोणींवर आले. इतकं नत्र द्यायचं तर त्याबरोबर स्फुरद किती जाईल, हे त्याच पुस्तिकेच्या पुढच्या पानावर होतं. ते पान मी वाचलंच नाही. मला उत्तर मिळालं होतं, आणि ते मार्गारेटच्या उत्तरापेक्षा मोठं होतं. तिनं चौथीनंतर शाळा सोडली, मी कॉन्व्हेंटात सिस्टरांच्या हाताखाली मॅट्रिक झाले, असंही त्या क्षणी मनात आलं. तुझ्या बहिणीबद्दल आलं, म्हणून तुलाच सांगते आहे. तुम्हा दोघींपैकी एकीलाच शिकवण्याइतकी ऐपत तुझ्या वडिलांची होती, हेही मला ठाऊक होतं.

नथूनंही सांगितलं होतं. खत पसरताना तो दर चार झाडांना थांबायचा. बाय, ह्ये शेन नाय, म्हणाला, याला मूठ पुरं. पानी आला का समदा उतारानं जाईल. मी म्हटलं, नथू, तू पगार घेतोस तो हातांचा, डोक्याचा नाही. असं वाक्य मी ऑफिसातल्या शिपायाला कधी बोलले नव्हते. नथू झाडामागे घमेलंभर खत ओतत पुढे गेला. मातीआडही केलं नाही. माझी कंबर धरली होती आणि तो एकटा किती खणणार!

पुढचं तू ऐकलं असशील. ऑगस्टात बावखलाचं पाणी हिरवं झालं. शेवाळ धरतं तसं नाही. रंगाचा डबा सांडावा तसं दाट, काठापासून काठापर्यंत. मग ते शेवाळ कुजायला लागलं, आणि सप्टेंबरात एका सकाळी मासे वर आले. तुझ्या वडिलांनी सोडलेल्या रोहूचा वंश होता तो. दर मे महिन्यात जाळं टाकून मासे काठावर ओतायचे आणि दोन वाटे करायचे, एक तुमच्याकडे, एक आमच्याकडे. तुझे वडील डोळे मिटून पाठमोरे उभे राहायचे आणि विचारायचे, हा कुणाचा? आपण दोघी शाळेच्या गणवेशात दगडावर बसून ओरडायचो, मोठा वाटा आमचा! ते मासे पांढरी पोटं वर करून पाण्यावर पसरले होते. मार्गारेट गुडघाभर पाण्यात उभी राहून टोपलीनं ते काढत होती. मी काठावर उभी होते. ती वर बघून म्हणाली, जयू, एवढं काय झालं गं पाण्याला? मी काय म्हणाले असेन? मी म्हटलं, तुझ्या शेडीला विचार.

त्याच दुपारी मी तक्रार लिहिली. तीन पानी, इंग्रजीत, परिच्छेदांना आकडे घालून. पंचायतीला एक, प्रदूषणाच्या कार्यालयाला एक, आरोग्य खात्याला एक. इतकं चांगलं पत्र मी नोकरीतही लिहिलं नव्हतं. शेडीपासून बावखलाचं अंतर, टेम्पोचे वार, वास, मेलेल्या माशांची संख्या, सगळं त्यात होतं, आणि सगळं खरं होतं. इमारतीतल्या अठ्ठावीस जणांनी खाली सह्या केल्या. त्यांतल्या निम्म्यांनी बावखल कधी जवळून पाहिलं नव्हतं. पंधरा दिवसांत माणसं आली आणि चौकशी होईपर्यंत म्हणून शेडीला कुलूप घातलं. माझ्या इंग्रजीचा हा प्रताप. सिस्टर असत्या तर त्यांनी वर्गात वाचून दाखवलं असतं.

मग पंचायतीत बैठक झाली. सरपंच शत्रुघ्न म्हात्रे खुर्चीवर, इमारतीतली मंडळी पुढच्या बाकांवर, मार्गारेट आणि निकोलस भिंतीशी उभे. निकोलसनं वही आणली होती. ढीग कधी उलटला, किती तापला, सगळं त्यानं लिहून ठेवलं होतं. ती वही कुणी उघडली नाही. शत्रुघ्ननं मार्गारेटला विचारलं, बाई, तुमचं खत बावखलात गेलं की नाही? ती म्हणाली, शेडीतलं गेलं नाही, शेडीला चारी बाजूंनी कट्टा आहे, येऊन बघा. आणि मग ती माझ्याकडे वळली. रागानं नाही. खरंच विचारायचं म्हणून तिनं विचारलं. जयू, तू वाडीत किती घातलंस?

कॅथरिन, मी बसले होते. उभीही राहिले नाही. मी म्हटलं, तू सांगितलंस तेवढंच. पंधरा गोणी.

तिनं मान हलवली. तिचा विश्वास बसला, कारण ती पंचवीस गोणींचा हिशेब मनात दुसरीकडे लावून बसली होती. ती मला पंधराच्या वर द्यायला तयार नव्हती ना, म्हणून मेमध्ये मी तिला सांगितलं होतं की वरच्या पंचवीस राजोडी गावी, आमच्या रामचंद्रदादाच्या वाडीत जाणार आहेत. ती म्हणाली होती, मग ठीक, दादाची जमीन रेताड आहे, तिथे चालेल. त्या पंचवीस गोणी राजोडीला कधी गेल्या नाहीत. दादाला त्यांची वार्ताही नाही. त्या सगळ्या माझ्या तीनशे झाडांखाली, बावखलाच्या उतारावर पडल्या. बैठकीत हे दोनच माणसांना माहीत होतं, मला आणि नथूला. नथू दारात उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, स्वतःच्या पायांकडे पाहिलं. तीस वर्षांत तो माझ्या मिठाला जागला नाही असं एकदाही झालं नाही. त्या दिवशी तो जागला नसता तर बरं झालं असतं.

तू म्हणशील, तेव्हा तुला तरी नक्की कुठे ठाऊक होतं की पाणी तुझ्याच खतानं नासलं? सबब चांगली आहे. मी दोन महिने त्याच सबबीवर काढले. माझी खात्री होती की दोष शेडीचाच असणार, माझं खोटं बोलणं ही निव्वळ बारीकसारीक गोष्ट. आणि ती खात्री पक्की करायला मी स्वतःच मातीचे नमुने तपासायला पाठवले. चार पिशव्या. दोन माझ्या वाडीच्या, दोन तुमच्या. तुमच्या मी नथूला कुंपणावरून पाठवून आणवल्या. शेडीलगतची एक आणि बावखलाच्या काठाची एक. बैठकीत मी ऐटीत जाहीर केलं होतं की अहवाल आला की सगळ्यांपुढे वाचू.

अहवाल नोव्हेंबरच्या चोवीस तारखेला आला. तुमच्या दोन्ही पिशव्यांत स्फुरद मध्यम. शेडीलगतच्या मातीतही मध्यम, म्हणजे निकोलसचा कट्टा चोख होता. माझ्या दोन्ही पिशव्यांपुढे लिहिलं होतं, अत्यंत जास्त. खाली कुणा भल्या माणसानं पेनानं ओळ जोडली होती की या जमिनीला निदान चार-पाच वर्षं स्फुरदयुक्त खत देऊ नये, ते मातीबरोबर वाहून जवळच्या पाण्यात उतरण्याचा आणि तिथे शेवाळ माजण्याचा धोका आहे. मी तो कागद घडी करून स्वयंपाकघरात फळीवरच्या वर्तमानपत्राखाली सारला आणि वर डाळीचे डबे ठेवले. जानेवारीत पुन्हा बैठक झाली. शत्रुघ्ननं विचारलं, ताई, अहवालाचं काय? मी म्हटलं, सरकारी काम आहे, येईल तेव्हा येईल. सगळे हसले. सरकारी कामावर माझी जीभ चालली की लोकांना आवडतं. कुलूप तसंच राहिलं.

आता मार्गारेटकडचं ऐक, कारण ती तुला लिहिणार नाही. गिऱ्हाईक तुटलं. नाक्यावरच्या बाजारात जी माणसं तिच्याकडून खत घ्यायची ती आता तिची भाजीसुद्धा उलटून बघतात. निकोलस नायगावला एका नव्या इमारतीच्या फाटकावर वॉचमन म्हणून जातो. निळा शर्ट आणि शिट्टी. एकदा वाटेत भेटला तर त्यानं सवयीनं मला सलाम केला, आणि मग आम्ही दोघंही मेल्याहून मेल्यासारखे झालो. दिवाळीत मी त्यांच्याकडे फराळ पाठवला नाही. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. नाताळात त्यांचं ताट माझ्याकडे आलं. करंज्या, केक, वर क्रोशाचा रुमाल, नेहमीसारखं. मी रुमाल धुऊन ताट नथूच्या हाती परत पाठवलं. रिकामं. रिकामं ताट परत करू नये हे मला शिकवायला कुणा आईची गरज नव्हती, पण त्यात घालायला हात उचलेना.

आणि परवा शनिवारी दुपारी ती स्वतः आली. मी पुढच्या पडवीत तांदूळ निवडत होते. ती पायरीवर बसली, वर आली नाही. म्हणाली, जयू, वाडी विकायला काढतो आहोत. एक बिल्डर आला आहे, बावखल बुजवून देतो म्हणतो. निकोलसची पाठ त्या फाटकावर उभं राहून गेली आहे, आणि शेड काही उघडत नाही. कॅथरिनच्या सहीला कागद गुरुवारीच नाशिकला पाठवले. पण बांधाला बांध लागलेल्याला आधी विचारायचं, ही आपली रीत आहे. बाबा असते तर त्यांनी तुझ्या वडिलांना विचारलं असतं. तुला घ्यायची असेल तर सांग, बिल्डरला आपण नाही म्हणू.

कॅथरिन, जिनं तिच्या शेडीला कुलूप घातलं तिलाच ती पहिला मान द्यायला आली होती. माझ्या तोंडून जे निघालं ते असं: बघते, विचार करून सांगते. ती बरं म्हणाली. जाताना म्हणाली, तुझे डोळे सुजलेत गं, झोपत नाहीस का? आणि गेली. त्यानंतर मी ते तांदूळ दोनदा निवडले.

तुम्हा लोकांना एक सोय होती, तिचा मला शाळेत फार हेवा वाटायचा. शनिवारी तू चर्चमध्ये पापनिवेदनाला जायचीस आणि बाहेर येऊन उड्या मारत घरी निघायचीस. मी दारात दोघींची दप्तरं धरून उभी असायची आणि विचारायची, काय सांगितलंस आत? तू सांगायची नाहीस. मला वाटायचं, हे किती स्वस्तात सुटतात! आज कळतं की त्या अंधाऱ्या लाकडी खोक्यात गुडघे टेकणं स्वस्त नव्हतं.

आता हे पत्र का, ते सांगते. एक म्हणजे त्या कागदांवर सही करू नकोस. निदान मार्गारेटचं पुढचं पत्र येईपर्यंत ते तसेच ठेव. बावखल बुजलं की त्या पाण्यात काय उतरलं होतं ते कुणीच विचारणार नाही, आणि माझी सुटका होईल. परवापासून माझ्या मनात हा विचार तीनदा येऊन गेला, म्हणजे मी कुठवर आले आहे ते तू ओळख. अहवालाची नक्कल या पाकिटात घातली आहे. मूळ कागद उद्या शत्रुघ्नच्या टेबलावर ठेवणार आहे, आणि तक्रार मागे घेत असल्याचं पत्र सोबत, मराठीत, म्हणजे त्या अठ्ठावीस जणांना वाचता येईल. पण त्याआधी आज मार्गारेटला तोंडानं सांगायचं आहे, आणि तेवढंच मला जमत नाही. काल दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. एकदा तिचा कुत्रा भुंकला म्हणून परतले, दुसऱ्यांदा भुंकला नाही म्हणून. म्हणून मी असं ठरवलं आहे: आधी चारच्या टपालाआधी हे पाकीट नाक्यावरच्या पेटीत टाकायचं. एकदा आत पडलं की ते मला परत मिळणार नाही, दोन-तीन दिवसांत तुझ्या हातात असेल, आणि तू वाचल्या वाचल्या बहिणीला फोन करशील. तुझ्याकडून तिला कळण्याआधी मला तिच्या दारात उभं राहावंच लागेल. मला दुसरं कुठलं कुलूप माझ्या पायांना घालता आलं नाही. आता पावणेचार झाले आहेत. चपला घालते.

तुझीच म्हणवून घ्यायची आज लाज वाटते, तरी तुझीच,
जयू